सराट्याचं बी आणि दोन चोची: खाण्यावरची स्पर्धा प्राण्यांची संख्या कशी ठरवते

सराटा माहीत नाही असा माळरानावरचा माणूस सापडणार नाही. टाचेत घुसणारं, सायकलचं चाक बसवणारं ते काटेरी फळ. वाळलं की त्याच्या पाच फाका होतात. प्रत्येक फाक लाकडासारखी टणक, आणि आत दडलेल्या थोड्याशा बिया. याच सराट्याचं एक भावंड इक्वेडोरच्या गालापागोस बेटांवर उगवतं. तिथल्या डाफ्ने मेजर या जेमतेम 34 हेक्टरच्या बेटावर, एकाच खाण्यावर जगणाऱ्या दोन प्रजाती एकमेकींची संख्या कशी खाली खेचतात, हे याच फळामुळे नीट कळलं. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ दांपत्य 1973 पासून वर्षानुवर्षं त्या बेटावर जात राहिलं. बेटावरचे फिंच पक्षी जाळ्यात पकडायचे, पायात रंगीत कडी घालायची, चोचीची लांबी-रुंदी-जाडी मोजायची आणि सोडून द्यायचं. शिवाय जमिनीवर कोणत्या झाडाचं किती बी उरलंय, तेही मोजायचं. कोण जगला आणि काय खाऊन जगला, हे नावानिशी सांगता येईल अशी नोंद रानातल्या प्राण्यांबाबत फार थोड्या ठिकाणी आहे.

बेटावरचा मुख्य पक्षी म्हणजे मध्यम आकाराचा भू-फिंच. त्याला आपण मधला म्हणू. वजन साधारण 16-17 ग्रॅम, म्हणजे चिमणीहून थोडं कमी. सगळे मधले सारखे नसतात. काहींची चोच बारीक, काहींची जाड. बारीक चोचवाले गवताचं, झुडपांचं बारीक बी टिपतात. जाड चोचवाल्यांना सराट्याची फाकही फोडता येते.

1977 मध्ये पावसाने दगा दिला. नेहमीच्या सव्वाशे-दीडशे मिलिमीटरच्या जागी 24 मिलिमीटर पडला. बारीक बी काही महिन्यांत संपलं. उरलं ते मोठं आणि कठीण बी. सुमारे 1200 मधल्यांपैकी 180 च्या आसपास उरले, आणि उरलेल्यांची चोच मेलेल्यांपेक्षा सरासरीने अर्धा मिलिमीटर जाड होती. चोचीची जाडी आईबापांकडून पिलांकडे जाते, म्हणून पुढची पिढीही जाड चोचीची निघाली. इथवर कथेत दुसरी प्रजाती नाही. एक दुष्काळ, एक पक्षी, आणि त्याचा अन्नाशी झगडा.

मग 1982 च्या अखेरीला थोरला भू-फिंच बेटावर वस्तीला आला. आधी तो अधूनमधून पाहुणा म्हणून यायचा, घरटं करत नसे. यावेळी दोन माद्या आणि तीन नर राहिले. पाठोपाठ 1983 च्या एल निन्योचा (प्रशांत महासागराचं पाणी तापतं त्या वर्षीचा) धुवाधार पाऊस झाला, बी मुबलक झालं आणि थोरला रुजला. याचं वजन मधल्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि सराट्याची फाक तो मधल्यापेक्षा कितीतरी पटपट फोडतो. वीस वर्षांत पाचाचे साडेतीनशे झाले. एवढ्या काळात मधल्यावर फारसा परिणाम दिसला नाही. बी पुरत होतं.

2003 आणि 2004 ही दोन वर्षं लागोपाठ कोरडी गेली. 1977 चाच प्रयोग निसर्गाने पुन्हा मांडला होता, फरक एकच: आता थोरला ताटावर होता. त्याने सराटा फस्त केला. सराट्याच्या भरवशावर असलेले जाड चोचीचे मधले यावेळी मेले, आणि बारीक चोचीचे तगले. 2005 मध्ये मधल्यांची संख्या 83 वर आली, अभ्यास सुरू झाल्यापासूनची सर्वांत कमी. थोरलाही वाचला नाही. स्वतःच संपवलेल्या सराट्यामुळे तो 13 वर आला: चार माद्या, नऊ नर. 1977 मध्ये मधल्याची चोच वाढली होती, 2004-05 मध्ये ती लहान झाली. दुष्काळ दोन्ही वेळा होता, पण चोच कुठल्या दिशेला जाणार हे शेजाऱ्याने ठरवलं. चोचीच्या या आकारात ज्या एका जनुकाचा मोठा वाटा आहे, ते 2016 मध्ये सापडलंही. त्याचं नाव एचएमजीए2.

या सगळ्यात मारामारी जवळपास नाही. सराट्याच्या ढिगावरून थोरला मधल्याला कधीमधी हुसकावतो, पण खरा घाव तो नव्हे. खरा घाव म्हणजे मधला पोचेपर्यंत बी संपलेलं असणं. अशा स्पर्धेत दोन स्पर्धक आयुष्यात एकदाही समोरासमोर आले नाहीत तरी चालतं, एक दिवसा खाणारा आणि दुसरा रात्री खाणारा असला तरीही. याउलट वाघ बिबट्याला शिकारीवरून हाकलतो किंवा ठारच मारतो, ती अडवणुकीची स्पर्धा. दोन्हींचे परिणाम वेगवेगळे असतात, म्हणून हा भेद आधीच लक्षात ठेवलेला बरा.

आता थोडं गणित. घाबरण्यासारखं नाही, बेरीज-गुणाकार येतो त्याला जमेल. 1925-26 च्या सुमारास आल्फ्रेड लोटका आणि विटो व्होल्टेरा यांनी स्वतंत्रपणे ज्या पद्धतीची समीकरणं मांडली, त्याच घराण्यातलं हे आहे.

समजा, एका माळावर 'अ' पक्षी एकटा असता तर 100 मावले असते आणि 'ब' एकटा असता तर 80. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेले आहेत. दोघं एकत्र आले की काय होईल, हे ठरवायला आणखी एक आकडा लागतो: एक 'ब' पक्षी 'अ' च्या ताटातलं किती खातो? एका 'अ' च्या निम्मं खात असेल तर तो आकडा 0.5. दोघांचं खाणं तंतोतंत एकच असेल तर 1. काहीच सामाईक नसेल तर 0. याला स्पर्धेचा गुणक म्हणू, आणि सोपेपणासाठी तो दोन्ही बाजूंनी सारखा धरू.

गुणक 0.5 असेल तर 80 'अ' आणि 40 'ब' यांवर गाडी थांबते. पडताळून पाहा. 'अ' च्या ताटावर 80 स्वतःचे आणि 40 चे निम्मे 20, एकूण 100, ताट पूर्ण. 'ब' च्या ताटावर 40 स्वतःचे आणि 80 चे निम्मे 40, एकूण 80, तेही पूर्ण. दोघं टिकले, पण दोघांची संख्या एकटं असतानापेक्षा घटली. 'अ' ची 20 टक्क्यांनी, 'ब' ची थेट निम्म्याने. ताट 100 विरुद्ध 80 असं थोडंसंच लहान, पण फटका अडीच पट मोठा. एकाच खाण्यावरचे दोन प्राणी शेजारी असले आणि त्यातला एक विरळ दिसला, की तो मुळातच नाजूक आहे असं आपण समजतो. पुष्कळदा तो विरळ असतो तो शेजाऱ्यामुळे.

आता गुणक 0.9 करा, म्हणजे दोघांचं खाणं जवळजवळ एकच. माळावर 'अ' पूर्ण 100 आहेत. ते 'ब' च्या ताटातलं 90 खातात. ताट आहेच 80 चं. म्हणजे पहिल्या 'ब' लाही जागा नाही, तो येईल आणि उपाशी मरेल. उलट बाजूने पाहा: माळावर 80 'ब' आहेत, ते 'अ' च्या ताटातलं 72 खातात. 28 उरतात, 'अ' शिरू शकतो, आणि हळूहळू 'ब' ला संपवतो. नियम हातात येतो तो असा: दुसरा भरपूर असताना मूठभर असलेल्यांना वाढता येतं का? दोघांनाही येत असेल तर दोघं टिकतात. एकालाच येत असेल तर तोच टिकतो. आणि कुणालाच येत नसेल, म्हणजे आपल्या या उदाहरणात गुणक 1.25 च्या वर असेल, तर आधी आलेला जिंकतो. शेवटचा प्रकार विचित्र वाटतो, पण तो घडतो. त्याकडे पुढे येऊ.

हे कागदावरचं प्रत्यक्षात तपासलं मॉस्कोच्या गिऑर्गी गाउझेने. 1934 मध्ये निष्कर्ष पुस्तकरूपाने आले तेव्हा तो जेमतेम 23 वर्षांचा होता. (पुढे 1942 मध्ये त्याच माणसाच्या प्रयोगशाळेतून ग्रामिसिडिन एस हे प्रतिजैविक निघालं, पण ती वेगळी गोष्ट.) शाळेच्या पुस्तकात चपलेच्या आकाराचा पॅरामेशियम आपण सगळ्यांनी काढलेला असतो. गाउझेने त्याच्याच दोन प्रजाती घेतल्या, ऑरेलिया आणि कॉडेटम. काचेच्या नळीत 5 घन सेंटिमीटर क्षारयुक्त पाणी, दोन्ही प्रजातींचे मोजून 20-20 जीव, आणि खायला रोज ठरलेल्या मापाचे जिवाणू. रोज नळी गरगर फिरवून जीव तळाशी बसवायचे, वरचं जुनं पाणी काढायचं, नवं घालायचं, आणि अर्धा घन सेंटिमीटर काढून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे.

पाणी बदलण्याची खटपट उगाच नव्हती. ते बदललं नाही तर दोघांची विष्ठा नळीत साठते, आणि मग हरणारा भुकेने हरला की घाणीने, ते सांगता येत नाही. पाणी बदलल्यावर प्रश्न फक्त अन्नाचा उरला. वेगवेगळ्या नळ्यांत दोघंही छान वाढले, एका मर्यादेला जाऊन थांबले. एकाच नळीत पहिले काही दिवस दोघंही वाढले, मग कॉडेटम उतरणीला लागला आणि शेवटी नाहीसा झाला. पहिल्या काही दिवसांतच मोजणी थांबवली असती तर 'दोघं सुखाने नांदतात' असा निष्कर्ष निघाला असता. अन्न मुबलक असेपर्यंत स्पर्धा दिसतच नाही. डाफ्नेवर वीस वर्षं हेच चाललं होतं.

गाउझेने मग कॉडेटमला तिसऱ्या प्रजातीसोबत ठेवलं, बर्सारियासोबत. अन्न जिवाणू आणि यीस्ट असं मिश्र. यावेळी दोघंही टिकले. कॉडेटम वरच्या पाण्यातले तरंगते जिवाणू खात राहिला, बर्सारिया तळाशी बसलेलं यीस्ट. तळाशी प्राणवायू कमी असतो, पण बर्सारियाच्या पोटात हिरवी शेवाळं राहतात आणि उजेडात ती त्याला प्राणवायू पुरवतात. एकाच नळीत दोन ताटं झाली. तरीही दोघांची संख्या एकटे असतानापेक्षा कमीच राहिली, कारण ताटं पूर्ण वेगळी नव्हती. वरच्या उदाहरणातला 0.5 गुणक आठवा.

नळीत हे ठीक आहे, रानात मात्र चुकायला भरपूर वाव आहे. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे दोन प्राण्यांच्या विष्ठेत एकच बी सापडलं की 'स्पर्धा' जाहीर करणं. सुगीच्या दिवसांत सगळेच तेच खातात, कारण ते ढिगाने असतं. डाफ्नेवर पावसानंतर सगळे फिंच मऊ, बारीक बी खातात. कोरड्या महिन्यांत जो तो आपापल्या चोचीला जमेल त्या बियांकडे वळतो, आणि आहारातला सारखेपणा घटतो. म्हणजे सारखेपणा जास्त दिसतो तेव्हा स्पर्धा कमी, आणि स्पर्धा तीव्र होते तेव्हा सारखेपणा कमी. आहाराची नोंद एकाच ऋतूत केली असेल तर तिच्यावरून स्पर्धेबद्दल काही बोलू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक म्हणजे एक प्रजाती घटली, दुसरी वाढली, म्हणून दोष अन्नाला देणं. ब्रिटनमधल्या खारींचं पाहा. उत्तर अमेरिकेतली करडी खार 1876 पासून इंग्लंडमध्ये आणून सोडली गेली, आणि बहुतेक इंग्लंडमधून तिथली मूळची तांबडी खार नाहीशी झाली. यात अन्नाचा भाग खरा आहे. ओकची फळं करड्या खारीला चांगली पचतात, तांबडीला तितकी नाहीत. हेझलची फळं पिकायच्या आधीच करड्या संपवतात. पण करड्या खारी एक देवीसारखा विषाणूही बाळगतात. त्यांना स्वतःला त्याचा फारसा त्रास नाही, तांबडीला मात्र तो बहुधा मारतो. जिथे हा विषाणू पोचला तिथे तांबडी कित्येक पट वेगाने संपली. आणि आयर्लंडमध्ये पाइन मार्टेन हा मुंगसासारख्या अंगाचा शिकारी पुन्हा वाढला तसतशी करडी खार घटली आणि तांबडी परतू लागली. अन्न तेच, झाडं तीच. तिसऱ्या आणि चौथ्या भिडूने निकाल फिरवला.

घरच्या पिठाच्या डब्यातही हाच धडा आहे. जुन्या पिठात होणारे तांबूस-तपकिरी भुंगेरे दिसायला एकसारखे, पण त्यांच्या दोन जवळच्या प्रजाती आहेत: कॅस्टेनियम आणि कन्फ्यूजम. शिकागोत थॉमस पार्कने त्या वर्षानुवर्षं पिठाच्या बाटल्यांत एकत्र वाढवल्या. पिठात थोडं यीस्ट, आणि तापमान-आर्द्रता ठरलेली. 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेत दर वेळी कॅस्टेनियम जिंकला. 24 अंश आणि 30 टक्क्यांत दर वेळी कन्फ्यूजम. मधल्या हवेत कधी हा, कधी तो. बाटल्यांमध्ये आदेलिना नावाचा परजीवी असला तर पारडं पुन्हा उलटं: 1948 च्या निष्कर्षांत परजीवी असलेल्या 74 बाटल्यांपैकी 66 कन्फ्यूजमने जिंकल्या, परजीवी नसलेल्या 18 पैकी 12 कॅस्टेनियमने. बराच काळ हे अन्नस्पर्धेचं नमुनेदार उदाहरण म्हणून सांगितलं जाई. पण पीठ काही संपलेलं नसायचं. हे भुंगेरे अंडी आणि कोष खातात, स्वतःची आणि दुसऱ्याचीही. मघाचा 'कुणालाच शिरता येत नाही' हा प्रकार इथे लागू पडतो. दोघं एकमेकांना स्वतःपेक्षा जास्त छळत असतील, तर ज्याची सुरुवातीची गर्दी मोठी त्याचं राज्य.

मग रानात स्पर्धा सिद्ध करायची कशी? एकाला काढून पाहायचं, आणि तेही वर्षानुवर्षं. अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात, पोर्टल गावाजवळ, जेम्स ब्राउन यांनी 1977 मध्ये हे काम सुरू केलं. 50 मीटर लांब, 50 मीटर रुंद असे 24 चौकोन, प्रत्येकाभोवती बारीक जाळीचं कुंपण. खालून बीळ काढून जाता येऊ नये म्हणून जाळी जमिनीत पुरलेली, वरून चढता येऊ नये म्हणून कडेला गुळगुळीत पत्रा. कुंपणाला प्रत्येकी 16 झरोके. सगळी करामत झरोक्यांच्या मापात आहे. काही चौकोनांत मोठे झरोके ठेवले, सगळे उंदीर ये-जा करतील असे. काहींत 1.9 सेंटिमीटरचे, ज्यातून लहान उंदीर जातील पण मागच्या पायांवर उड्या मारणारा कांगारू-उंदीर अडकेल. दोन्हीकडे कुंपण आहेच, म्हणजे कुंपणाचा स्वतःचा परिणाम असला तर तो दोन्हीकडे सारखा. हा भाग विसरला की अख्खा प्रयोग पाण्यात जातो.

पहिले आठेक महिने काहीच नाही. मग कांगारू-उंदीर नसलेल्या चौकोनांत बी खाणारे लहान उंदीर वाढत गेले, आणि तुलनेच्या चौकोनांपेक्षा सरासरी साडेतीन पट झाले. तिथलेच किडे आणि मिश्र आहार खाणारे लहान उंदीर मात्र वाढले नाहीत. हा निकाल सर्वांत बोलका. कांगारू-उंदराची दहशत किंवा बिळांच्या जागेची अडचण हे कारण असतं तर सगळेच लहान उंदीर वाढायला हवे होते. वाढले फक्त बी खाणारे, म्हणजे भांडण बियांवरूनच होतं.

पण साडेतीन पट ऐकून फसू नका. लहान उंदीर वजनाला इतके हलके की सगळे मिळूनही, कांगारू-उंदरांनी मागे ठेवलेल्या बियांचा थोडासाच भाग त्यांनी वापरला. बाकी बी पडून राहिलं, आणि बारा वर्षांत त्या चौकोनांत उंच गवत माजलं. मग 1995 च्या सुमारास बेलीचा पॉकेट माउस नावाची नवी प्रजाती त्या भागात आली. आकाराने मध्यम, पण 1.9 च्या झरोक्यातून मावणारी. कांगारू-उंदीर नसलेल्या चौकोनांत ती जोमाने वाढली, आणि तिने जवळपास सगळी कसर भरून काढली. ताट रिकामं होतं, पण त्यावर बसण्याजोग्या अंगाचा पाहुणा यायला अठरा वर्षं लागली. तीन वर्षांत प्रयोग गुंडाळला असता तर हे कळलंच नसतं.

आपल्याकडच्या मोठ्या मांसाहारी प्राण्यांवर झरोक्यांचा प्रयोग करता येत नाही. तिथे विष्ठा, शिकारीचे अवशेष आणि कॅमेऱ्यांवरच भिस्त. कर्नाटकातल्या नागरहोळमध्ये उल्हास कारंथ आणि मेल संक्विस्ट यांनी वाघ, बिबट्या आणि कोळसून (रानकुत्रे) यांचा आहार तपासला. वाघाच्या मुख्य शिकारीचं सरासरी वजन सुमारे 92 किलो निघालं, बिबट्याचं 38, कोळसुनांचं 43. वाघाला गवा आणि सांबर, बाकी दोघांना मुख्यतः चितळासारखी मध्यम शिकार. शिवाय कोळसून दिवसा धावतात, बिबट्या बहुतेक रात्री निघतो. तिघं एका जंगलात मावतात, कारण लहान-मोठी सगळी शिकार भरपूर आहे. चोरट्या शिकारीने गवा आणि सांबर संपले तर वाघ चितळावर उतरतो, आणि गुणक 0.5 कडून 0.9 कडे सरकतो. मग बिबट्याची संख्या घटते, ती कुणी बिबट्याला हात न लावता. ताडोब्यातही हे तिघं आहेत, तिथेही हेच गणित लागू.

उत्तराखंडमधल्या राजाजीच्या चिल्ला भागात याची दुसरी बाजू दिसली. वस्त्यांचं पुनर्वसन झाल्यावर वाघ सावरले, आणि 2004-05 ते 2007-08 या काळात बिबट्यांची घनता 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 10 वरून 2 वर आली. उरलेल्यांच्या आहारात पाळीव जनावरांचा वाटा 7 टक्क्यांच्या आसपास होता, तो 32 वर गेला. इथे अन्न आणि अडवणूक दोन्ही मिसळलेली आहेत, वेगळी काढता येत नाहीत.

जुन्नर-अकोले तालुक्यांतल्या उसातल्या बिबट्यालाही 'वाघाने हाकलला' असं कुणी सांगितलं, तर ते खरं धरू नका. तिथे वाघच नाही, समीकरणातली स्पर्धकाची जागा रिकामी आहे. तिथले बिबटे किती असणार हे त्यांच्या स्वतःच्या ताटावर ठरतं: मोकाट कुत्री, डुकरं, रात्री उघड्यावर बांधलेल्या शेळ्या, आणि लपून पिल्लं वाढवायला बाराही महिने उभा असलेला ऊस.